दात लवकर सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया : आश्वासन आणि मर्यादा

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



निसर्ग माणसाला दात दोन वेळा देतो. तिसऱ्यांदा देत नाही. दुधाचे दात पडून आलेले कायमचे दात वेडेवाकडे आले, एकावर एक चढले, किंवा पुढे झुकले, तर ते तसेच ठेवून जन्म काढावा लागे, असा एक काळ होता. आज ती स्थिती राहिलेली नाही. दातांवर बारीक धातूच्या किंवा चिनी मातीच्या पट्ट्या चिकटवून व त्यांतून तार ओवून दात हळूहळू योग्य जागी आणण्याचे शास्त्र चांगलेच विकसित झाले आहे. या शास्त्राला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. लोकांच्या बोलण्यात ते ‘तार लावणे’ एवढ्याच नावाने ओळखले जाते. तार लावलेली मुले आता शहरातच नव्हे, तर खेड्यापाड्यांतील शाळांतूनही दिसू लागली आहेत.

या उपचाराविषयी पालकांचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो आणि दुसरा काळाचा. ‘किती महिने लागतील?’ या दुसऱ्या प्रश्नाला तज्ज्ञ सामान्यतः दीड ते दोन वर्षे असे उत्तर देतात. शाळकरी मुलाच्या बाबतीत हा काळ फारसा जाचत नाही. परंतु वैशाखात लग्न ठरलेली मुलगी, किंवा बोटीवरच्या नोकरीसाठी आठ-नऊ महिने घर सोडून जाणारा तरुण, यांना दोन वर्षे हा शब्द जड वाटतो. नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून जबड्याच्या हाडावर लहानशी शस्त्रक्रिया करून दातांची हालचाल वेगवान करण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. त्यांचा पुरस्कार करणाऱ्या जाहिरातीही पाहावयास मिळतात. या पद्धती म्हणजे थोतांड नव्हे. त्यांच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा विचार व प्रयोग आहेत. तथापि जाहिरातीत सांगितले जाते तेवढे सगळेच त्यांतून साधते असेही नाही. म्हणून दात सरकतो कसा, शस्त्रक्रियेने नेमके काय घडते, आणि एखाद्या कुटुंबाने असा निर्णय घेताना कोणता हिशेब करावा, या तीन गोष्टींचा विचार येथे क्रमाने करावयाचा आहे.

दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे

दात हाडात घट्ट रुतून बसलेला असतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि त्याभोवतीचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे एक जिवंत अस्तर असते. दात त्या तंतूंवर जणू झोळीत टांगल्याप्रमाणे असतो. चावताना पडणारा भार हे अस्तर झेलते. त्यात रक्तवाहिन्या असतात, ज्ञानतंतू असतात, आणि हाड घडविणाऱ्या व हाड विरघळविणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशींचा पुरवठाही तेथूनच होतो.

तारेने दातावर एका बाजूने हलका दाब दिला, की ज्या दिशेने दात ढकलला जातो त्या बाजूचे अस्तर दाबले जाते आणि विरुद्ध बाजूचे ताणले जाते. दाबाच्या बाजूला अस्थिभंजक पेशी जमतात व हाड कणाकणाने विरघळवितात. ताणाच्या बाजूला अस्थिकारक पेशी नवे हाड रचतात. एकीकडे भिंत पाडली जाते, दुसरीकडे बांधली जाते, आणि दात मधल्यामध्ये पुढे सरकतो. तार स्वतः दात ओढून नेत नाही. ती केवळ आज्ञा देते, काम शरीर करते. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून 1904 च्या सुमारास हे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

हे लक्षात घेतले, की ‘तार जरा जोरात आवळा, म्हणजे लवकर होईल’ ही पालकांची सूचना का चुकीची ठरते ते कळते. दाब फार वाढला तर अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तेथील पेशी मरतात, आणि हाड विरघळविण्याचे काम त्या जागी बंदच पडते. मग शरीर मागच्या बाजूने पोखरत येऊन तो मृत भाग दूर करीपर्यंत दात जागचा हलत नाही. श्वार्त्स या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये असे मत मांडले, की दातावरचा दाब सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाबाहून, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅमहून, अधिक असू नये. हा आकडा पुढे तंतोतंत पाळला गेला असे नाही. पण हलका व सातत्याचा दाब हेच खरे साधन, हे तत्त्व टिकले. अशा दाबाखाली दात साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. उपचाराला लागणाऱ्या दीर्घ काळाचे मूळ कारण हे आहे. तो डॉक्टरांचा आळस नव्हे. तो हाडाचा स्वभाव आहे.

हाडावर घाव घालण्याची कल्पना

जबड्याचे हाड बाहेरून घट्ट व आतून स्पंजाप्रमाणे सच्छिद्र असते. दाताच्या वाटेत खरा अडथळा या बाहेरच्या टणक कवचाचा आहे, असे जुन्या शल्यतज्ज्ञांना वाटे. तेव्हा ते कवच कापून मोकळे केले तर दात चटकन हलतील, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. 1893 मध्ये शिकागो येथे भरलेल्या दंतवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जॉर्ज कनिंगहॅम यांनी अशा तत्काळ उपचाराचा विषय मांडला होता. परंतु त्या काळी प्रतिजैविके नव्हती, क्ष-किरणांचा शोधही अजून लागावयाचा होता; त्यामुळे ही वाट पुष्कळ वर्षे ओस पडली.

1959 मध्ये ऑस्ट्रियातील हाइनरिश क्योले यांनी तिला नवे रूप दिले. दोन दातांच्या मुळांमधील हाडाचे बाह्य कवच त्यांनी उभे कापले, आणि मुळांच्या टोकांपलीकडे आडवा छेद देऊन हाड आरपार तोडले. दात व त्याभोवतीचे हाड मिळून एक स्वतंत्र ठोकळा तयार होतो आणि तार लावली म्हणजे तो ठोकळाच्या ठोकळा सरकतो, अशी त्यांची धारणा होती. मोठ्या हालचाली 6 ते 12 आठवड्यांत पूर्ण होतात, असे त्यांनी नमूद केले. शस्त्रक्रिया मात्र मोठी व धोक्याची होती, म्हणून ती सर्वत्र रूढ झाली नाही. जपानमधील सुया यांनी आरपार छेद टाळून केवळ कवचापुरतेच छेद देण्याची पद्धत अवलंबिली आणि 1991 मध्ये 395 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. महत्त्वाची हालचाल पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकून घ्यावी, नाहीतर कापलेले ठोकळे पुन्हा सांधले जातात, असे त्यांचे सांगणे होते.

या साऱ्या विचाराला खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईरी गावच्या विल्को बंधूंमुळे. त्यांपैकी थॉमस हे हिरड्यांच्या विकारांचे तज्ज्ञ, आणि विल्यम हे दात सरळ करण्याच्या शास्त्रातले तज्ज्ञ. त्यांनी 2001 मध्ये दोन रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. दोघांचेही उपचार सहा-साडेसहा महिन्यांत संपले होते. परंतु या वृत्ताचे महत्त्व केवळ वेगामुळे नव्हते. संगणकीय क्ष-किरण छायाचित्रांत त्यांना सरकलेला हाडाचा ठोकळा दिसलाच नाही. दिसले ते असे, की छेद दिलेल्या भागातील हाडातून चुन्याचा अंश तात्पुरता कमी झाला होता. हाड मऊ पडले होते, आणि दात जागी आल्यानंतर ते पुन्हा हळूहळू टणक होत होते.

याचे स्पष्टीकरण आधीच अन्यत्र तयार होते. हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने 1983 मध्ये असे दाखवून दिले होते, की हाडाला इजा झाली म्हणजे त्या भागातील हाड मोडण्याचा व घडविण्याचा सारा व्यवहार नेहमीच्या कित्येक पट वेगाने चालू लागतो. मोडलेला हात सांधताना शरीर जी लगबग करते, तीच ही लगबग. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग दाताची वाट कापून मोकळी करण्यात नाही; तो शरीराला ‘येथे दुरुस्ती हवी आहे’ असा निरोप देण्यात आहे. उंदरांवरील प्रयोगांचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याला पुष्टी देतात. छेदानंतर तिसऱ्या आठवड्यात त्या भागातील हाडाची मोडतोड व बांधणी ही दोन्ही कामे सुमारे तिप्पट वाढलेली आढळली.

कुळागरात काम करणाऱ्या माणसाला हे सहज उमजेल. पोफळीच्या बुंध्याभोवतीची जमीन कुदळीने उकरली म्हणजे काही काळ भुसभुशीत राहते, आणि मग पावसापाण्याने पुन्हा आवळून येते. रोप हलवावयाचे असेल तर ते त्या मधल्या काळातच हलविले पाहिजे. हाडाचेही तसेच आहे. ही मऊपणाची अवस्था काही दिवसांत सुरू होते, पहिल्या एक-दोन महिन्यांत कळसाला पोहोचते आणि साधारण चौथ्या महिन्यापर्यंत तिचा उपयोग ओसरतो. या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, असे विचारले तर ती हीच : शस्त्रक्रियेने मिळणारा वेग उसना आहे आणि त्याला मुदत आहे.

शस्त्रक्रियेचे प्रकार

मूळच्या पद्धतीला कॉर्टिकोटॉमी म्हणतात. तीत जागेवर भूल देऊन हिरडी दातांपासून सोडवून बाजूला करतात, दोन मुळांमधील हाडाच्या कवचात बारीक खाचा पाडतात, आवश्यक वाटल्यास वर छोटी छिद्रे घेतात, आणि हिरडी पुन्हा शिवून टाकतात. विल्को बंधूंनी यात शिवण्यापूर्वी वर हाडाची पूड पसरण्याची भर घातली. जबड्याचे हाड पातळ असलेल्या रुग्णांत दात बाहेर सरकविताना मुळे उघडी पडू नयेत, हा तीमागील हेतू. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत तारेचा दाब सुरू करावा लागतो, आणि पुढे दर महिन्याऐवजी दर दोन आठवड्यांनी तपासणी करावी लागते. कारण मऊ पडलेल्या हाडाचा एक-एक दिवस मोलाचा असतो.

दुसरा प्रकार सुळ्यापुरता आहे. दात दाटीने आलेले असतील तर पुष्कळदा पुढची उपदाढ काढून त्या जागेत सुळा मागे घ्यावा लागतो. 1998 मध्ये तैवानमधील लिऊ व हुआंग यांनी उपदाढ काढतानाच सुळ्याच्या मागील हाड आतून कमकुवत करून, स्क्रूच्या साधनाने सुळा रोज थोडाथोडा मागे खेचण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांत सुळा तीन आठवड्यांत सुमारे साडेसहा मिलिमीटर मागे गेला. एरवी याच अंतराला सहा महिने सहज लागतात. तथापि इतक्या जोराच्या ओढीसाठी तोंडात बसवावे लागणारे अवजड साधन व रोजची फिरकी सर्वांना मानवणारी नाही.

हिरडी पूर्ण सोडवावी लागते ही कॉर्टिकोटॉमीची मोठी अडचण. रुग्णाला सूज येते, वेदना होतात, भीती वाटते. म्हणून पुढे जखम लहान करण्याकडे संशोधकांचा कल झाला. 2009 मध्ये बॉस्टन येथील सर्ज डिबार्ट यांनी पिझोसिजन ही पद्धत मांडली. तीत हिरडीवर केवळ लहान उभ्या चिरा देऊन त्यांतून ध्वनितरंगांच्या कंपनावर चालणारे बारीक पाते आत घालतात व हाडाला सुमारे तीन मिलिमीटर खोलीचे छेद देतात. हे पाते टणक हाड कापते, परंतु मऊ भागाला सहसा इजा करीत नाही. टाके क्वचितच लागतात. त्याहूनही सोपी रीत म्हणजे हिरडी न चिरता तीतूनच हाडाला दोन-तीन सूक्ष्म छिद्रे पाडणे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये 20 प्रौढ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात छिद्रे पाडलेल्या बाजूचा सुळा 28 दिवसांत 2.3 पट वेगाने सरकला, असा निष्कर्ष होता.

वेगाचा खरा हिशेब

‘दुप्पट वेग’ हे शब्द ऐकले, की दोन वर्षांचे एक वर्ष होणार, असा हिशेब मन आपोआप मांडते. तो बरोबर आहे काय, हे एका उदाहरणाने पाहू.

इजिप्तमध्ये 13 प्रौढ रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णाच्या एका बाजूस कॉर्टिकोटॉमी केली होती, दुसऱ्या बाजूस केली नव्हती. शस्त्रक्रियेच्या बाजूचा सुळा पहिले दोन महिने दुसऱ्या बाजूच्या दुप्पट वेगाने सरकला. तिसऱ्या महिन्यात हा वेग 1.6 पटीवर आला, आणि चौथ्या महिन्याअखेर केवळ 1.06 पट, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा, झाला. आता समजा, एखाद्याचा सुळा 6 मिलिमीटर मागे न्यावयाचा आहे आणि नेहमीचा वेग महिन्याला 1 मिलिमीटर आहे. शस्त्रक्रियेविना 6 महिने लागतील. शस्त्रक्रिया केल्यास पहिल्या दोन महिन्यांत 4 मिलिमीटर, तिसऱ्यात 1.6 मिलिमीटर, मिळून 5.6 मिलिमीटर होतील, उरलेल्या 0.4 मिलिमीटरसाठी चौथ्या महिन्याचे अकरा-बारा दिवस पुरतील. म्हणजे सहा महिन्यांचे काम साडेतीन महिन्यांच्या आत झाले. अडीच महिन्यांहून थोडा अधिक काळ वाचला.

हा लाभ खोटा नाही. परंतु सुळा मागे घेणे हा संपूर्ण उपचाराचा एक टप्पा असतो. त्याआधी दात एका ओळीत आणावे लागतात, त्यानंतर पुढचे चार दात मागे घ्यावे लागतात, खालच्या-वरच्या दातांची जुळणी करावी लागते, आणि शेवटचा बारीकसारीक नेटकेपणा साधावा लागतो. या शेवटच्या टप्प्याला वेगापेक्षा कौशल्य व धीर लागतो, आणि तोपर्यंत उसन्या वेगाची मुदत संपून गेलेली असते. वीस महिन्यांच्या उपचारातून अडीच महिने वजा झाले तर साडेसतरा महिने उरतात. दहा उरत नाहीत. सर्वच दातांभोवती शस्त्रक्रिया केली तर लाभ अधिक होऊ शकतो. बेल्जियममध्ये 24 प्रौढांवर केलेल्या व 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिझोसिजनच्या प्रयोगात एकूण काळ 43 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ते रुग्ण मात्र दाटी असलेले, परंतु तुलनेने सोप्या स्वरूपाचे होते. आणि काहींच्या हिरडीवर छेदांचे व्रण राहिले.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. सूक्ष्म छिद्रांच्या पद्धतीची जॉर्डनमध्ये 32 रुग्णांवर परीक्षा झाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात छिद्रे पाडलेल्या व न पाडलेल्या बाजूंच्या वेगात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये या शस्त्रक्रियांविषयीच्या विश्वसनीय प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा तिच्या कसोटीला उतरणारे अवघे 4 प्रयोग सापडले. त्यांतील रुग्णांची संख्या मिळून 57 होती. दात काहीसे लवकर सरकत असावेत, परंतु पुरावा दुबळा आहे आणि अधिक संशोधन हवे, असा त्या आढाव्याचा सूर होता. त्यानंतर प्रयोग वाढले. तरी पहिल्या महिन्यांत वेग वाढतो व पुढे ओसरतो, या चित्रात मूलभूत पालट झालेला नाही.

कोणी या वाटेला जाऊ नये

लहान असली तरी शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. सूज, वेदना, जंतुसंसर्ग, हिरडी खाली सरकणे, पाते चुकून दाताच्या मुळाला लागणे, हे तिचे संभाव्य दुष्परिणाम आहेत. पिझोसिजननंतर दातांच्या मुळांची झीज अधिक होते, असेही एका प्रयोगात 2017 मध्ये आढळले. पुरस्कर्त्यांचे म्हणणे याउलट आहे. उपचार लवकर संपल्याने झीज कमी होते, असे ते म्हणतात. हा वाद मिटलेला नाही, आणि मुळाची झालेली झीज भरून निघत नाही, म्हणून येथे सावधगिरीच श्रेयस्कर.

ज्यांच्या हिरड्यांतून रक्त अथवा पू येतो, त्यांचा तो विकार आधी बरा झाला पाहिजे. मधुमेह आटोक्यात नसलेल्या व्यक्तीची जखम नीट भरत नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांच्या जबड्याच्या हाडाला चीर देणे धोक्याचे असते, कारण ती औषधे हाडाची नैसर्गिक मोडतोड थांबवितात. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणारे, हृदयाच्या झडपांचे विकार असलेले, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, यांनी ती माहिती न विचारताही दंतवैद्यांना सांगितली पाहिजे. तंबाखू, गुटखा व विडी यांनी हिरडीचा रक्तपुरवठा खालावतो. व्यसन न सोडता शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे पैसे देऊन जखम विकत घेणे होय. शाळकरी मुलांचे हाड मुळातच कोवळे व चपळ असते. त्यांचे दात एरवीही चांगले सरकतात, तेव्हा निव्वळ घाईपोटी त्यांना या शस्त्रक्रियेच्या वाटेस लावण्याचे कारण नाही.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदना होतात म्हणून दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची अनेकांना सवय असते. या वर्गातील औषधे सूज ओसरवितात खरी, परंतु हाडातील जी दाहजन्य लगबग वाढावी म्हणून शस्त्रक्रिया केली, तिलाच ती आवर घालू शकतात. म्हणून अशा वेळी पॅरासिटामॉलला प्राधान्य दिले जाते. कोणतीही गोळी तज्ज्ञांना विचारूनच घ्यावी.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास कुटुंबाने संकोच न करता पुढील प्रश्न विचारावेत. एकूण उपचारातले किती महिने वाचतील, केवळ एका टप्प्यातले नव्हे? शस्त्रक्रिया न करता दात सरळ होणार नाहीत काय, की केवळ उशीर होईल? हिरड्यांची व हाडाची तपासणी कोणी केली, आणि प्रत्यक्ष छेद कोण देणार? शस्त्रक्रियेनंतर दर दोन आठवड्यांनी येणे आम्हाला झेपेल काय? वाढणारा खर्च किती, आणि लाभ न झाल्यास पुढे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा तज्ज्ञ विश्वासास पात्र समजावा. टाळाटाळ करणाऱ्याच्या खुर्चीत घाईने बसू नये. तज्ज्ञाचे नाव राज्याच्या दंतपरिषदेकडे नोंदलेले आहे काय, व या विषयातील एम.डी.एस. पदवी त्याच्याकडे आहे काय, हेही पाहावे. गोमंतकीयांना दुसरे मत घ्यावयाचे झाल्यास बांबोळी येथे 1980 मध्ये स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

यांतील दोन आठवड्यांचा प्रश्न दूरच्या गावांतील लोकांनी विशेष जपावा. मऊ झालेल्या हाडाचे आठवडे एस.टी. चुकली म्हणून, शेताची कापणी आली म्हणून, किंवा बोटीवर बोलावणे आले म्हणून वाया गेले, तर शस्त्रक्रियेचा त्रास व खर्च अंगावर पडतो आणि लाभ हातचा जातो. नोकरीवर निघणाऱ्या तरुणाने याचा विचार आधीच करावा. लग्नाच्या तारखेवर नजर ठेवून घाई करणाऱ्या घरानेही एवढे समजून घ्यावे, की विवाहसमारंभ एका दिवसाचा असतो आणि दात पुढल्या चाळीस-पन्नास वर्षांचे. तारा काढल्यानंतर दात पुन्हा फिरू नयेत म्हणून दंतधारक साधन दीर्घकाळ वापरावेच लागते. शस्त्रक्रिया केली म्हणून त्यातून सुटका नाही.

शस्त्राविना वाचणारा वेळ

उपचार लांबण्याची कित्येक कारणे हाडात नसून घरात असतात. ठरलेल्या दिवशी तपासणीस न जाणे हे पहिले. चिकटविलेली पट्टी निखळणे हे दुसरे. उसाचे पेर दाताने सोलणे, चिक्की, भाजलेले चणे, सुपारी यांनी पट्टी निखळली, की तो दात तेवढ्यापुरता जागीच थांबतो, कधी मागेही येतो. दात स्वच्छ न ठेवल्याने हिरड्या सुजणे व तारेभोवती किडीचे पांढरे डाग पडणे हे तिसरे. अशा वेळी तज्ज्ञांना काम थांबवावे लागते. रबरी कड्या लावण्यात हयगय हे चौथे. या चार गोष्टी सांभाळल्या, तर वाचणारे महिने काही वेळा शस्त्रक्रियेने वाचणाऱ्या महिन्यांइतकेच भरतील, आणि त्यासाठी रक्ताचा एक थेंबही सांडणार नाही.

येथे शिक्षकांचे स्थान मोठे आहे. मूल सात वर्षांचे झाले, म्हणजे पुढचे कायमचे दात व पहिल्या कायमच्या दाढा येऊ लागतात. त्या सुमारास एकदा दातांच्या ठेवणीची तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सुचवितात. अंगठा चोखण्याची सवय, तोंडाने श्वास घेणे, दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागणे, या गोष्टी वर्गातल्या शिक्षकाच्या नजरेस पालकांआधी येऊ शकतात. वेळीच लक्ष दिले तर पुढचा मोठा उपचार काही मुलांत टळतो, काहींत सोपा होतो. दात पुढे असलेल्या मुलाला वर्गात चिडविले जाते. ते मूल हसताना तोंडावर हात धरू लागते, उत्तर येत असूनही उभे राहत नाही. अशा मुलाची टिंगल थांबविणे आणि त्याच्या पालकांना योग्य ठिकाणी पाठविणे, हे दोन्ही शिक्षकाच्या हातचे आहे.

हाडाला इजा झाली, की शरीर दुरुस्तीसाठी धावते, या साध्या निरीक्षणातून शास्त्रज्ञांनी एक उपयुक्त साधन निर्माण केले आहे. योग्य प्रौढ रुग्णाला, योग्य कारणासाठी, निष्णात हातांनी दिल्यास ते काही महिन्यांचा लाभ देते. तो लाभ आपल्याला खरोखर हवा आहे काय, आणि त्याचे मोल आपण जाणून देत आहोत काय, हे ठरविण्याचा अधिकार मात्र रुग्णाचा व त्याच्या कुटुंबाचा आहे. पुरेशी माहिती घेऊन, शांतपणे, आणि जाहिरातीपेक्षा हिशेबावर भरवसा ठेवून तो अधिकार बजावला जावा, एवढीच अपेक्षा.